यूटीएमवर नमुना पकडण्याचा योग्य क्रम: ग्रिप, जॉ आणि फिक्श्चर

यूटीएम म्हणजे युनिव्हर्सल टेस्टिंग मशीन, नमुना ओढून किंवा दाबून त्याची ताकद मोजणारं. त्यात नमुना धरणारा भाग म्हणजे ग्रिप आणि ग्रिपमधले दातेरी जबडे म्हणजे जॉ. "सळी जॉमध्येच तुटली, आता रिपोर्टमध्ये काय लिहू?" रबाळे, महापे, तुर्भे पट्ट्यातल्या आणि वागळे इस्टेटमधल्या टेस्टिंग लॅबमधली नवी मुलं हा प्रश्न सतत विचारतात. त्याच्या पाठोपाठ दुसरा प्रश्न येतोच: "ग्राफ मधेच आडवा जातोय, मग यील्ड कुठून घेऊ?" (यील्ड म्हणजे नमुना कायमचा ताणला जाऊ लागतो तो बिंदू.) बहुतेक वेळा यात मटेरियलचा दोष नसतो आणि सॉफ्टवेअरचाही नसतो. वेजच्या, म्हणजे पाचरीच्या आकाराच्या जॉच्या, पाठीवर सुकलेलं ग्रीस, दातांत अडकलेले लोखंडाचे पापुद्रे, जॉमध्ये अर्धवट घातलेली सळी आणि चुकीच्या क्षणी दाबलेलं झीरोचं बटण, बहुतेक कारणं यातच सापडतात.

म्हणून हा लेख मशीन ओढायला लागण्याआधीच्या कामावर आहे. मुख्य उदाहरण टीएमटीचं, म्हणजे बांधकामातल्या फासळ्यांच्या सळीचं, घेतलं आहे, कारण घोडबंदर रोडपासून खारघर-उलव्यापर्यंतच्या साइटवरून तीच रोज लॅबमध्ये येते. प्लास्टिक, रबर आणि वायरला काय वेगळं करायचं ते शेवटाकडे आहे.

## टप्पा १: लोड किती जाणार, ते आधी कागदावर

जॉला हात लावण्याआधी हिशोब करा. टीएमटीचा व्यास व्हर्निअरने मोजून क्षेत्रफळ काढायचं नसतं, कारण फासळ्यांमुळे तो आकडा चुकतो. आयएस १७८६ या सळीच्या भारतीय मानकात वजनावरून काढायची पद्धत दिलेली आहे: किलोमधलं वजन भागिले (०.००७८५ गुणिले मीटरमधली लांबी). उत्तर चौरस मिलिमीटरमध्ये मिळतं.

समजा १६ मिमीच्या सळीचा ०.६ मीटर तुकडा आहे आणि त्याचं वजन ०.९४८ किलो भरलं. क्षेत्रफळ आलं साधारण २०१ चौरस मिमी. एफई ५००डी या ग्रेडला टेन्साइल, म्हणजे तुटण्याआधीची कमाल ताकद, किमान ५६५ मेगापास्कल लागते, म्हणजे निदान ११४ किलोन्यूटन लोड जाणार. पण चांगली सळी किमान आकड्यावर थांबत नाही. ६८० धरून चाला, म्हणजे १३७ किलोन्यूटनची तयारी ठेवायची. हाच हिशोब ३२ मिमीला केला तर किमान ४५४ आणि प्रत्यक्षात ५५० च्या आसपास जातो. ४०० किलोन्यूटनच्या मशीनवर ३२ मिमीची सळी लावून "मशीन तोडत नाही" म्हणण्यात अर्थ नाही.

हा आकडा फक्त मशीनच्या क्षमतेशी ताडून भागत नाही. लोड सेल (भार मोजणारा भाग), अडॅप्टर, पिन, ग्रिप, जॉ अशी एक साखळी असते आणि तिच्यातल्या सर्वात कमी रेटिंगच्या भागाला जेवढं झेपतं तेवढीच मर्यादा पूर्ण साखळीची असते. इलेक्ट्रोमेकॅनिकल मशीनवर हा घोळ जास्त होतो: फ्रेम ५० किलोन्यूटनची, वर लावलेली न्यूमॅटिक (हवेच्या दाबावर चालणारी) ग्रिप ५ ची आणि सॉफ्टवेअरमधली लिमिट अजून ५० वरच. ग्रिप बदलली की लिमिटही बदला. दोन्ही कामं एकाच माणसाने, एकाच वेळी करायची.

तपासा: प्रत्येक ग्रिपवर क्षमता कोरलेली असते. ती गंजाने किंवा रंगाने झाकली गेली असेल तर साफ करून घ्या. वाचता येत नसेल तर मॅन्युअलमधून शोधून रंगाने लिहून ठेवा.

## टप्पा २: कुठल्या नमुन्याला कुठला जॉ

गोल नमुन्याला व्ही खाचेचा जॉ, चपट्या नमुन्याला सपाट जॉ, एवढं सगळ्यांना माहीत असतं. चूक होते ती रेंजमध्ये. प्रत्येक जॉवर व्यासाची किंवा जाडीची रेंज लिहिलेली असते. २५ मिमीची सळी एका जॉच्या रेंजच्या शेवटी आणि दुसऱ्याच्या सुरुवातीला येत असेल, तर ऑपरेटर जो जॉ आधीच लावलेला आहे त्यातच सळी ढकलतो. जॉ लहान पडला तर सळी खाचेत पूर्ण बसत नाही, कडांवर टेकते आणि तिथे खोल घाव पडतो. जॉ मोठा पडला तर वेज तिच्या तिरक्या खोबणीत, म्हणजे पॉकेटमध्ये, जास्त सरकते आणि तिचं टोक क्रॉसहेडच्या (ग्रिप बसवलेल्या आडव्या तुळईच्या) बाहेर डोकावतं.

ही बाहेर आलेली वेज फार महत्त्वाची खूण आहे. वेजला तिच्या पूर्ण लांबीभर मागून पॉकेटचा आधार मिळायला हवा. बाहेर आलेल्या भागाला आधार नसतो, त्यामुळे पकड एका टोकाला एकवटते, सळी तिथेच तुटते आणि कधीकधी जॉचंच टोक उडतं. चपट्या नमुन्यात हे होत असेल तर जॉच्या मागे लायनर घाला. समोरासमोरचे दोन्ही लायनर एकाच जाडीचे आणि सपाट हवेत. एका बाजूला जाड, दुसऱ्या बाजूला पातळ लायनर लावलात तर नमुना मध्यरेषेवरून सरकतो.

जॉचे दात नमुन्यापेक्षा कडक असायला हवेत. हार्डन केलेला नमुना साध्या जॉमध्ये धरला की तो सरकतो आणि दात मात्र कायमचे बोथट होतात. ओतीव लोखंडासारख्या ठिसूळ धातूला दातांच्या जॉमध्ये धरूच नका. त्याची टोकं आट्यांची किंवा खांद्याची करून घ्या आणि गोलाकार बैठक असलेल्या होल्डरमध्ये लावा. थोडासा बाक आला तरी ठिसूळ नमुना आधीच तुटतो आणि आकडा खाली येतो.

सावधान: जॉ कायम जोडीने आणि सेटने वापरा. वरचे दोन, खालचे दोन, चारही एकाच सेटचे. एक नवा आणि एक झिजलेला जॉ एकत्र लावू नका. सेटवर नंबर कोरून घ्या. पुढे स्लिपची तक्रार आली तर कुठला सेट होता हे शोधता येतं.

## टप्पा ३: नमुन्याची तयारी

साइटवरून येणाऱ्या सळीची टोकं बघा. गॅसने कापलेली असतील तर ती निळसर-काळी आणि वितळल्यासारखी दिसतात. त्या उष्णतेने टोकाजवळच्या स्टीलचा गुण बदललेला असतो. लांबी पुरेशी असेल तर तो भाग थंड पद्धतीने, म्हणजे पॉवर हॅकसॉने, कापून टाका. लांबी पुरत नसेल तर नमुना परत मागवा. साइट इंजिनियर कुरकुर करेल, पण रिपोर्ट नापास आला तर तोच आधी तुमच्याकडे येईल.

रिक्षात मावावी म्हणून वाकवून आणलेली सळी हा दुसरा प्रकार. हातोड्याने सरळ करून ती मशीनवर लावू नका. वाकवून पुन्हा सरळ केलेल्या स्टीलचं यील्ड मूळ राहत नाही.

लांबी किती हवी? गेज लेन्थ, म्हणजे ज्या दोन खुणांमधली वाढ मोजायची ते अंतर, सळीच्या व्यासाच्या ५ पट असते, म्हणजे १६ मिमीला ८० मिमी. गेजच्या खुणा जॉच्या तोंडाला चिकटून नकोत. दोन्ही बाजूंना निदान दोन-दोन व्यास मोकळे ठेवावेत असं माझं मत आहे. म्हणजे मधली मोकळी लांबी १४४ मिमी. त्यात दोन्ही जॉमधली पकड मिळवा. वजन, टेस्ट आणि थोडी शिल्लक धरून ग्राहकाकडून एक मीटर मागा, म्हणजे रडारड होत नाही.

खुणा फक्त दोन मारू नका. मोकळ्या लांबीभर ५ किंवा १० मिमी अंतराने मारत जा, म्हणजे सळी कुठेही तुटली तरी योग्य खुणांवरून वाढ मोजता येते. पंच हलक्या हाताने मारा. खोल पंच म्हणजे तुटायला आयतं निमंत्रण. पातळ पत्रा किंवा कडक नमुना असेल तर पंच टाळून मार्किंग इंक आणि बारीक रेघ वापरा.

## टप्पा ४: दात कोरडे, पाठ गुळगुळीत

याच टप्प्यावर सर्वात जास्त चुका होतात, म्हणून इथे सविस्तर.

वेज ग्रिप काम कशी करते ते एकदा समजून घ्या. नमुना ओढला जातो तेव्हा दात त्याला धरून ठेवतात. नमुन्याबरोबर वेजही ओढली जाते आणि तिरक्या पॉकेटमध्ये आणखी घट्ट होत जाते. म्हणजे लोड वाढेल तशी पकड आपोआप वाढते. पण त्यासाठी एक अट आहे: वेजची पाठ पॉकेटवर सहज सरकली पाहिजे आणि दात नमुन्यावर अजिबात सरकता कामा नयेत. पाठीचं घर्षण वाढलं तर वेज जागीच अडकते, पकड वाढत नाही आणि नमुना दातांमधून निसटू लागतो.

आता लॅबमध्ये प्रत्यक्ष काय दिसतं बघा. जॉ बाहेर काढा आणि उलटा करून त्याच्या पाठीवरून बोट फिरवा. बोटाला काळपट, खरखरीत लेप लागतो. जुनं ग्रीस, त्यात मिसळलेले टीएमटीचे पापुद्रे आणि पावसाळ्यातला तांबूस गंज, यांचा तो लेप असतो. बोटांच्या चिमटीत चोळला तर वाळूसारखा लागतो. या लेपावर नवं ग्रीस थापायचं आणि वेज पुन्हा आत सारायची, हे बऱ्याच ठिकाणी चालतं. त्याने काहीही साधत नाही, खरखर तशीच राहते.

क्रम असा ठेवा:

१. चारही जॉ पूर्ण बाहेर काढा. हात जॉच्या खाली न ठेवता बाजूने धरा, ते जड असतात आणि अचानक सुटतात.

२. पाठ आणि पॉकेट दोन्ही केरोसिनने किंवा डिग्रीझरने पुसून घ्या, फडकं स्वच्छ निघेपर्यंत.

३. दात वायर ब्रशने घासा. खाचेच्या दिशेने घासा, आडवं घासलं तर पापुद्रे खाचेतच राहतात.

४. दातांवर केरोसिनचा अंश उरला असेल तर कोरड्या फडक्याने पुसून टाका.

५. पाठीवर मॉलिब्डेनम डायसल्फाइडच्या पेस्टचा पातळ थर द्या. धातूचा रंग किंचित झाकला जाईल एवढाच. बाहेर ओघळणारं ग्रीस थेट दातांवर येतं.

६. जॉ परत बसवा आणि हाताने वर-खाली सरकवून बघा. चारही सारख्या जोराने सरकले पाहिजेत. एक अडखळत असेल तर पुन्हा काढा.

सावधान: पापुद्रे उडवायला एअर गन वापरू नका. अर्धा कचरा वेजच्या मागे जाऊन बसतो आणि उरलेला डोळ्यात जातो.

हे पूर्ण काम रोज करायची गरज नाही. टीएमटीच्या प्रत्येक नमुन्यानंतर दातांवर ब्रश फिरवा. पूर्ण साफसफाई आठवड्यातून एकदा आणि जास्त नमुने आले तर त्याआधीच करा. दातांची धार तपासायला टॉर्च तिरका धरा. धारदार दाताची कड काळी, बारीक रेघेसारखी दिसते. बोथट दाताच्या माथ्यावर चकाकणारी पट्टी दिसते. ही पट्टी बहुतेक जॉच्या तोंडाकडच्या भागात आधी येते. बोथट जॉ ग्राइंडरवर धार लावून परत वापरण्याचा प्रयत्न करू नका. त्याने माप आणि कोन दोन्ही बिघडतात. जॉ बदलायचाच असतो.

## टप्पा ५: वर-खाली एका रेषेत

दोन्ही ग्रिप एकाच उभ्या रेषेत नसतील तर नमुन्यावर ताणाबरोबर बाकही येतो. सळीसारख्या लवचिक नमुन्यात हे झाकलं जातं. पत्रा, वेल्ड आणि ठिसूळ नमुना मात्र लगेच दाखवतो: यील्ड कमी येतं आणि तुटण्याची जागा नेहमी एकाच बाजूला, एकाच कडेला असते.

रीतसर तपासणी स्ट्रेन गेज लावलेल्या खास नमुन्याने होते, पण रोजच्यासाठी गवंड्याचा ओळंबा पुरतो. वरच्या ग्रिपच्या मध्यातून ओळंबा सोडा आणि त्याचं टोक खालच्या ग्रिपच्या मध्यावर येतं का बघा, समोरून आणि बाजूने. नंतर एक सरळ, मशीन केलेली पट्टी फक्त वरच्या जॉमध्ये धरा. तिचं खालचं टोक दोन्ही जॉच्या बरोबर मधोमध लटकलं पाहिजे. ते हाताने ढकलून मध्ये आणावं लागत असेल तर तुम्ही टेस्ट सुरू होण्याआधीच नमुना वाकवत आहात.

नमुना जॉच्या रुंदीच्याही मध्यात हवा. चपटी पट्टी जॉच्या एका कडेला धरली की जॉ तिरपे होतात, पॉकेटच्या कोपऱ्यावर भार येतो आणि क्रॉसहेडला कायमचा घाव पडतो. तो दुरुस्त करायचा खर्च नव्या जॉ सेटपेक्षा खूप जास्त असतो.

## टप्पा ६: पकडण्याचा आणि झीरोचा क्रम

धातू ओढून तपासण्याचं मानक आयएस १६०८ (भाग १), म्हणजेच आयएसओ ६८९२-१, याबाबत स्पष्ट आहे: लोडची साखळी जोडून झाल्यावर, पण नमुना दोन्ही टोकांना पकडण्याआधी, झीरो करायचा. त्यानंतर टेस्ट संपेपर्यंत झीरोला हात लावायचा नाही. तरीही दोन्ही जॉ आवळून, मग "आकडा शून्यावर आणूया" म्हणून बटण दाबणारे खूप आहेत. जॉ आवळताना नमुन्यावर जो भार येतो तो खरा भार असतो. तो टेअर करून, म्हणजे शून्य धरून, टाकलात तर शेवटपर्यंत प्रत्येक रीडिंगमध्ये तेवढी चूक राहते.

हायड्रॉलिक यूटीएमवर क्रम असा:

१. सळी वरच्या जॉमध्ये घाला. शक्यतो जॉच्या पूर्ण लांबीत, आणि कसंही झालं तरी दोन-तृतीयांशपेक्षा कमी नाही. नखभर पकडलेली सळी हे जॉ तुटण्याचं मोठं कारण आहे.

२. लांबीच्या दिशेने जाणाऱ्या दोन फासळ्या दोन जॉच्या मधल्या फटीकडे ठेवा, म्हणजे व्हीच्या चारही बाजू सारख्या टेकतात.

३. वरचे जॉ आवळा. सळी मोकळी लटकू द्या.

४. पंप सुरू करून टेबल थोडं उचला. तेलावर तरंगल्याशिवाय टेबलाचं वजन नीट वजा होत नाही. रीडिंग स्थिर झालं की झीरो करा.

५. खालचा क्रॉसहेड वर आणा. सळी खालच्या जॉमध्येही पूर्ण बसू द्या, मग आवळा.

६. डिस्प्लेवर थोडा लोड दिसला तर दिसू द्या. उणे आकडा दिसला तर क्रॉसहेड सावकाश हलवून तो घालवा, बटणाने नाही.

७. हलका प्रीलोड द्यायचा असेल तर तो अपेक्षित यील्डच्या ५ टक्क्यांच्या आत ठेवा. १६ मिमी एफई ५००डी ला ही मर्यादा साधारण ५ किलोन्यूटन पडते.

इलेक्ट्रोमेकॅनिकल मशीनवर खालची ग्रिप आवळताना नमुना दाबला जातो, पातळ पट्टी तर डोळ्यादेखत वाकते. बऱ्याच मशीनमध्ये यासाठी नमुना-संरक्षणाची सोय असते: ती चालू ठेवली की जॉ बंद होताना क्रॉसहेड स्वतः सरकून लोड शून्याजवळ ठेवतो. ती बंद ठेवण्याचं काहीच कारण नाही.

सावधान: जॉ बंद होत असताना सळी जॉजवळ धरू नका. हात निदान वीतभर लांब हवा. पुढची जाळी किंवा काच लावल्याशिवाय लोड द्यायचा नाही. टीएमटी तुटते तेव्हा झटक्याने वेज उसळते आणि पापुद्रे गोळीसारखे उडतात.

## टप्पा ७: ओढायला सुरुवात केल्यावर

पहिले काही सेकंद डोळे ग्राफवर आणि कान जॉकडे. सुरुवातीला ग्राफ किंचित वक्र असतो, कारण वेज बसत असतात. तेवढं चालतं. पण सरळ चढत असलेला ग्राफ करवतीच्या दातांसारखा खाली-वर होऊ लागला, किंवा प्रत्येक घसरणीबरोबर "टक्" असा आवाज आला, तर ते यील्ड नव्हे, स्लिप आहे. टेस्ट थांबवा, नमुना काढा, जॉच्या खुणा बघा. खुणा ठिपक्यांसारख्या स्वच्छ असतील तर पकड बरोबर होती. खुणा ओढल्यासारख्या लांबट असतील तर नमुना सरकला होता.

प्रूफ स्ट्रेस (यील्ड ग्राफवर स्पष्ट दिसत नसेल तेव्हा ठरावीक कायमच्या वाढीवर धरायचा ताण) क्रॉसहेडच्या हालचालीवरून काढू नका. त्या हालचालीत वेजचं बसणं, स्क्रूचा ताण, सगळंच मिसळलेलं असतं. एक्स्टेन्सोमीटर, म्हणजे थेट नमुन्यावर बसून वाढ मोजणारं उपकरण, लावा आणि त्याची धार फासळीच्या उतारावर न ठेवता सळीच्या सपाट भागावर टेकवा. तुटेपर्यंत ठेवायचं रेटिंग नसेल तर यील्ड गेल्यावर काढून घ्या. मात्र कमाल लोडवरची एकूण वाढ, जी एफई ५००डी ला किमान ५ टक्के लागते, ती मग खुणा मोजून काढायची. क्रॉसहेडचा आकडा तिथेही लावायचा नाही.

## टप्पा ८: तुटल्यावर नमुना वाचा

वेज घट्ट बसलेली असते. जॉच्या कडक पृष्ठभागावर लोखंडी हातोडा मारू नका, तुकडा उडतो. पितळी हातोड्याने सळीच्या टोकावर, तिला आत ढकलण्याच्या दिशेने ठोका. वेज सैल पडते.

मग तुटण्याची जागा बघा.

- तुटलेल्या जागेपासून जवळच्या गेज खुणेपर्यंतचं अंतर गेज लेन्थच्या एक-तृतीयांश किंवा जास्त असेल, तर वाढीचा आकडा ग्राह्य.
- त्यापेक्षा जवळ तुटली, पण वाढ तरीही स्पेसिफिकेशनच्या बरोबरीची किंवा जास्त आली, तर ग्राह्य धरता येते.
- जवळ तुटली आणि वाढ कमीही आली, तर हा निकाल मटेरियलवर लादू नका. सरळ नापास लिहिण्याआधी जॉ तपासा आणि नवा नमुना घ्या.

"जॉमध्ये तुटली" असं लिहून विषय मिटवणं योग्य नाही. जॉच्या आत किती तुटली, दाताच्या घावावरून सुरू झाली का, सलग किती नमुने असेच तुटले, हे लिहा. एखादा नमुना जॉपाशी तुटला तर तो अपवाद असू शकतो. सगळे खालच्याच जॉपाशी तुटत असतील तर दोष खालच्या ग्रिपमध्ये आहे आणि तो सळीच्या कंपनीवर ढकलणं अन्याय आहे.

## प्लास्टिक, रबर, वायर: काय बदलतं

प्लास्टिक आणि रबर ओढताना पातळ होत जातात. म्हणून हाताने आवळायची स्क्रू ग्रिप सुरुवातीला घट्ट असते आणि मध्यावर सैल पडते. न्यूमॅटिक ग्रिपचा दाब कायम राहतो, रबराला एक्सेंट्रिक (मध्यापासून सरकलेल्या आसाच्या) रोलरची ग्रिप आपोआप आवळत जाते. न्यूमॅटिकचा दाब थेट कमाल ठेवू नका. कमीपासून सुरू करा आणि स्लिप थांबेपर्यंत अर्धा-अर्धा बार वाढवा. डंबेल (मधे अरुंद, टोकांना रुंद कापलेला नमुना) ग्रिपच्या तोंडाशी चिरडून तुटत असेल तर दाब जास्त आहे किंवा दात फार खोल आहेत. फिल्मला दात नकोत, रबर लावलेला सपाट जॉ हवा. जो दाब लागू पडला तो रिपोर्टच्या शीटवर लिहून ठेवा, नाहीतर पुढच्या शिफ्टचा ऑपरेटर वेगळाच आकडा आणतो.

वायर आणि दोऱ्याला ड्रमभोवती गुंडाळायची ग्रिप लागते. गुंडाळीत भार हळूहळू उतरतो म्हणून टोकाला घाव पडत नाही. पण गुंडाळलेला भागही थोडा ताणला जातो, त्यामुळे इथेही वाढ क्रॉसहेडवरून घेतली तर ती फुगलेली येते.

चिकटवलेल्या दोन पट्ट्यांची लॅप शियर टेस्ट असेल तर प्रत्येक टोकाला दुसऱ्या पट्टीच्या जाडीएवढा तुकडा घालून पकडा. तसं केलं नाही तर ओढ चिकट थराच्या रेषेत राहत नाही आणि जोड सोलला जातो.

कॉम्प्रेशन प्लेट आणि बेंड फिक्श्चरबद्दल दोनच गोष्टी. वरच्या प्लेटच्या गोलाकार बैठकीला पातळ तेल लावा, वेजसाठीचं दाब सहन करणारं ग्रीस नको. बैठक सुरुवातीला नमुन्यावर स्वतःला जुळवून घेते आणि भार आल्यावर जागेवर राहायला हवी, त्या ग्रीसने ती भाराखालीही सरकत राहते. बेंड टेस्टमध्ये रोलरमधलं अंतर मँड्रेलचा (ज्या गोल दांड्याभोवती नमुना वाकवतात त्याचा) व्यास अधिक नमुन्याच्या जाडीची तिप्पट असं लावा, त्यात जाडीच्या निम्म्याएवढा फरक चालतो. प्रत्येक मापाला हे अंतर बदलतं, हे विसरून सगळ्या सळ्या एकाच सेटिंगवर वाकवल्या जातात.

## पावसाळा आणि गाळा बदलणं

जून ते सप्टेंबर खाडीकाठच्या गाळ्यांत हवा इतकी दमट असते की साफ केलेल्या जॉवर सोमवारी सकाळी तांबूस थर दिसतो. शनिवारी काम संपल्यावर जॉ काढा, दातांवर गंजरोधक तेलाचा हलका हात द्या, तेल शोषणाऱ्या कागदात गुंडाळून बंद डब्यात ठेवा. सोमवारी दातांवरचं तेल पूर्ण पुसूनच लावा. न्यूमॅटिक ग्रिप असेल तर कॉम्प्रेसरच्या टाकीतलं आणि एअर फिल्टरच्या वाटीतलं पाणी रोज सकाळी सोडा. पाणी ग्रिपच्या सिलिंडरमध्ये गेलं की एक जॉ आधी आणि दुसरा उशिरा बंद होतो. नायलॉनचे नमुने दमट हवेत पाणी पितात आणि मऊ पडतात. २३ अंश आणि ५० टक्के आर्द्रतेच्या खोलीत स्थिर केल्याशिवाय ते ओढू नका.

मशीन एका गाळ्यातून दुसऱ्या गाळ्यात हलवलं, किंवा क्रॉसहेड, लोड सेलचं मोठं काम झालं, तर जुनं कॅलिब्रेशन सर्टिफिकेट चालत नाही, भले तारीख शिल्लक असो. पुन्हा कॅलिब्रेशन करून घ्या आणि त्याच दिवशी ओळंबाही सोडून बघा, कारण नव्या फरशीवर मशीनची लेव्हल बदललेली असू शकते. एनएबीएलचे (लॅबना मान्यता देणाऱ्या संस्थेचे) असेसर याची नोंद मागतात. जॉ सेटचा नंबर, साफसफाईची तारीख, जॉ बदलल्याची तारीख आणि जॉपाशी तुटलेल्या नमुन्यांचे नंबर एकाच वहीत लिहा आणि ती वही मशीनजवळच टांगून ठेवा.